तुम्ही एकदाच विचारलंत

दादा,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. "हा त्यांच्यासोबत रानात जायचा," एवढी ओळख करून देऊन माईक हातात दिला. मी तुमचा पाण्यावर बसण्याचा किस्सा सांगितला. लोक हसले, वहिनीसुद्धा हसल्या. मग मी खाली बसलो आणि जे सांगायचं होतं ते राहून गेलं. दीड वर्ष ते राहूनच गेलंय. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आता तुम्ही नाही म्हणून लिहायला बसलोय. असल्या माणसाला तुम्ही जवळ केलं होतंत. त्या शनिवारी सकाळी माझा बाण कुठे लागला हे मला पक्कं माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो.

आता सगळं नीट सांगतो. घाईघाईत सांगितलेलं तुम्हाला कधीच चालायचं नाही.

तुमचे वडील भंडाऱ्याकडच्या जंगलात वनमजूर होते आणि पायखुणा वाचणं तुम्ही त्यांच्या मागे चालत शिकलात. शिकार मात्र तिकडे कधी केली नाहीत. धनुष्य पहिल्यांदा हातात धरलंत ते इथे, मिनेसोटात, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने. पण रान म्हटलं की तुमच्या डोक्यात तिकडचंच रान असायचं. उन्हाळा, आटलेले ओढे, उरलेलं एखादं डबकं आणि त्यावर येणारी सगळी जनावरं. म्हणून पहिले दोन हंगाम तुम्ही एका तळ्याच्या काठी झाडावर मचाण बांधून बसलात. मिनेसोटात, जिथे घरामागेही तळं आणि ऑफिसमागेही तळं. तिसऱ्या वर्षी डोक्यात प्रकाश पडला. "अबे, जनावर उठलं की समोर पाणी, मागं पाणी. ते काहून येईल माझ्याच पाण्यावर?" हे तुम्ही सांगायचात आणि आमच्या आधी तुम्हीच हसायचात.

तिथून तुम्ही पाणी सोडलंत आणि हरणाच्या खाण्यामागे लागलात. सप्टेंबरात ओकची फळं कुठल्या झाडाखाली पडतात, मका कापला की हरणं कुठे सरकतात, नोव्हेंबरात नर खाणंपिणं विसरून माद्यांमागे कसे वेडे होतात, आणि बर्फ पडला की पुन्हा मुकाट्याने कापलेल्या मक्याच्या धाटांवर कसे येतात. महिना बदलला की तुमची जागा बदलायची. मी एकदा कुरकुर केली, की मागच्या महिन्यात इथेच तर दिसली होती ना हरणं. तुम्ही म्हणालात, "मागच्या महिन्यात तू हाफ शर्टावर फिरत होतास. आता फिर." नोव्हेंबर होता. मी मचाण उतरवायला लागलो.

मी तुमच्याकडे आलो तो खरं तर फुकटच्या जेवणाला. औरंगाबादहून नुकताच आलेला, युनिव्हर्सिटीत शिकणारा, पहिल्या हिवाळ्यात पातळ जाकीट घालून कुडकुडणारा पोरगा. ईडन प्रेरीतल्या तुमच्या घरी दर महिन्याला आपली मंडळी वंदनेला जमायची. जयभीम झाला, वंदना झाली आणि वहिनींनी असा रस्सा वाढला की मी तीनदा घेतला. नंतर कळलं, की ते मटण नव्हतं. हरीण होतं, तुम्ही मारलेलं. मी हात धुतला आणि तुमच्याशी वाद घालायला बसलो. आपण बौद्ध ना? पहिलं शील काय सांगतं, जीव घेऊ नका ना? तुम्ही शांतपणे विचारलंत, "तिसऱ्यांदा घेताना शील कुठं गेलं होतं तुझं?"

तो वाद आपण सात वर्षं घातला आणि तो संपला नाही. पंचशील म्हणताना पहिल्या शीलाला तुम्ही ओठ मिटून घ्यायचात हे माझ्या लक्षात यायला एक वर्ष गेलं. उरलेली चार खणखणीत म्हणायचात. वहिनी तुम्हाला 'चारशीलवाले' म्हणून चिडवायच्या. तुमचं म्हणणं साधं होतं. जे पाळायचं नाही ते तोंडाने म्हणायचं नाही. मी म्हणायचो, ही तर वकिलाची पळवाट झाली. तुम्ही म्हणायचात, "तू पाचही म्हणतोस ना? छान. पाळ."

मी तुमच्या मागे रानात यायला लागलो तो आधी वाद पुढे चालू ठेवायला, आणि नंतर वादाचं विसरूनच गेलो. तुम्ही मला बूट घेऊन दिलेत, बाण सोडायला शिकवलंत, आणि त्याहून मोठं म्हणजे गप्प बसून बघायला शिकवलंत. माझ्या बापाने मला खूप काही दिलं, पण त्याला बघायला वेळ नव्हता. घासलेली साल, उकरलेली माती, दाबलेलं गवत, यातून सकाळी इथून कोण गेलं ते सांगता येतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. हे ऋण मानतो आणि मग त्या शनिवारची आठवण येते. सगळं नासतं.

पश्चिमेकडची ती सपाट जमीन, मक्याची शेतं आणि पाणथळ, सहा वर्षांत तुम्हाला तळहातासारखी पाठ झाली होती. मग म्हातारा शेतकरी वारला, मुलांनी जमीन बिल्डरला विकली, आणि ज्या ओकवर तुमचं मचाण होतं तिथे एकसारख्या गराजांची रांग उभी राहिली. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. दोन तास ड्राइव्ह करून आग्नेयेला, मिसिसिपीच्या बाजूच्या उभ्या टेकड्यांत. तिथे तुमचं काहीच चालेना. वारा सकाळी एक सांगायचा आणि दहा वाजता दुसरंच. तुम्ही खिशात एका रानटी झुडपाची बोंडं ठेवायला लागलात, आपल्या रुईच्याच जातीचं ते झुडूप. बोंड फोडून एकेक उडती म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघत बसायचं. एक पूर्ण उन्हाळा तुम्ही म्हाताऱ्या सोडत होतात. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

पण ऑगस्ट संपेपर्यंत तुम्हाला कळलं. टेकडी थंड असते तोवर वारा उतारावरून खाली घसरतो, ऊन लागलं की वर चढतो. मोठा नर माथ्यावरून चालत नाही की दरीतून चालत नाही. तो माथ्याच्या जरा खालून चालतो, म्हणजे पलीकडून येणारा वारा पाठीमागून मिळतो आणि खालची हवा वर चढून नाकाशी येते. दोन्हीकडची बातमी त्याला एकाच वेळी. डाव्या शिंगाचं टोक मोडलेला एक नर तुम्ही तिथे दोनदा पाहिला होतात. त्या वाटेच्या वरच्या अंगाला, वारा जिथे हुकतो अशा एका झाडावर, तुम्ही मचाण बांधलंत आणि त्यावर मला बसवलंत. स्वतः दरीपलीकडे बसलात.

तिकडच्या आधीच्या एका लांबलचक ड्राइव्हमध्ये तुम्ही मला वडिलांची एक गोष्ट सांगितली होती. जंगलात साहेब यायचे, तुमचे वडील खाली बसून पाऊल बघायचे आणि सांगायचे, मादी आहे, पिल्लू सोबत आहे, पहाटे गेली. साहेब विचारायचा, "नक्की ना?" वडील म्हणायचे, हो साहेब. साहेब थोडं पुढे जाऊन पुन्हा विचारायचा, "नक्की ना रे?" आणि मग तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणालातरी विचारायचा, ज्याला पाऊल वाचता येत नव्हतं पण आडनाव बरं होतं. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालात, "माणसाला एकदा विचारावं. दुसऱ्यांदा विचारलं की आपण त्याला खोटा ठरवतो. मी कोणालाच दुसऱ्यांदा विचारत नाही, यार." मी तेव्हा मान हलवली होती.

सत्त्याण्णवचा ऑक्टोबर संपत आला होता. साडेआठला ऊन त्या उतारावर आलं आणि पावणेनऊला तो आला. तुम्ही सांगितलं होतं त्याच वाटेने, त्याच वेळी, मोडक्या शिंगाचा तोच. दादा, हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही बोटाने दाखवलं होतंत त्या दोन झाडांच्या मधून तो निघाला. तीन हंगाम मी तुमच्या मागे फिरत होतो आणि एकही हरीण मारलं नव्हतं. तुमचा नियम होता, चालत्या जनावरावर बाण सोडायचा नाही. थांबेल, आडवं होईल, तेव्हा. मी चालत्यावर सोडला. बाण सुटेपर्यंत तो अर्धं पाऊल पुढे गेला होता.

'मी येईपर्यंत खाली उतरू नकोस,' हाही तुमचा नियम. मी उतरलो. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. उपटला आणि वास आला, मटणाच्या दुकानामागे आतडी-बोटी धुताना येतो तो. पिसांवर हिरवट काळं लागलं होतं. पोटात लागला होता. यात काय करायचं तेही मला तुम्हीच शिकवलं होतं. फुप्फुसात लागला तर अर्धा तास थांबून माग काढायचा. पोटात लागला तर दिवसभर हलायचंच नाही. जनावर जवळच कुठेतरी जाऊन बसतं आणि तिथेच जीव सोडतं. मागे लागलं तर मात्र ते उठतं, लांब जातं, हाल हाल होऊन मरतं आणि सापडत नाही.

मी तो बाण एका पडलेल्या खोडाखाली पाचोळ्यात खुपसला.

तुम्ही नऊला दरी ओलांडून आलात. धापा टाकत होतात, पण चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"लागला?"

"लागला, दादा."

"कुठं?"

"खांद्यामागे. फुप्फुसात."

"बाण?"

"घेऊन गेला वाटतं."

तुम्ही गुडघे टेकून बसलात. पाचोळ्यातून चार केस उचललेत, ऊन पडलं होतं तिथे नेलेत, चिमटीत फिरवलेत. बराच वेळ बघत होतात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "हे तर मागचे वाटतात बे. पोटाचे. नक्की खांद्यामागं?"

"हो दादा, नक्की."

तुम्ही चिमूट सोडलीत. दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.

मी असं का केलं? लाज वाटली, हे खरं आहे. तुम्ही एक उन्हाळाभर त्या टेकडीवर हवा बघत बसलात, हरीण माझ्यासमोर आणून उभं केलंत, आणि मी नवशिक्यासारखा चालत्यावर बाण सोडला. पण आणखी एक कारण आहे, ते मी स्वतःलाही फार उशिरा कबूल केलं. त्या दुपारी मला ऑफिसात पोचायचं होतं. सॉफ्टवेअरचं वायटूकेचं टेस्टिंग लागलं होतं, म्हणूनच तर आपण दोन गाड्या आणल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर अंधार पडेपर्यंत तिथे बसावं लागलं असतं. एका टेस्टिंगसाठी, दादा. ते टेस्टिंग शेवटी सोमवारवर गेलं.

अर्ध्या तासाने आपण निघालो. दोनशे पावलांवर तो बसलेला होता. आपल्याला पाहून उठला, पाठ वाकवून खाली ओढ्याकडे गेला, पाणी ओलांडून पलीकडच्या काटेरी जाळीत शिरला. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, पण तोवर झालं होतं. अकराला पाऊस सुरू झाला आणि रक्ताचे थेंब पुसले गेले. बाराला तुम्ही म्हणालात, "तू निघ, ऑफिस आहे तुझं." मी निघालो. तुम्ही अंधार पडेपर्यंत शोधलंत, रविवारी शोधलंत, आणि पुढचे तीन शनिवार-रविवार एकटेच जाऊन शोधत राहिलात. जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही, हा तिसरा नियम.

नोव्हेंबरातल्या वंदनेला आपण शेजारी बसलो होतो. पहिल्या शीलाला तुम्ही नेहमीसारखे गप्प राहिलात. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी तुमच्या शेजारी बसून मोठ्याने म्हटलं. माझा आवाज कापला नाही, याची मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तुमचा फोन आला. "सापडला." फक्त हाडं आणि शिंगं, डाव्याचं टोक मोडलेलं. त्याच जाळीत, आपण थांबलो होतो तिथून फार तर शंभर पावलांवर. तुम्ही म्हणालात, "दिवसभर बसलो असतो तर पहिल्याच जागी मिळाला असता. केस मला दिसत होते रे. दिसूनही वाचता आले नाहीत. माझी नजर गेली." तुम्ही माझीच समजूत घातलीत. "तुझा काय दोष? वरून माणसाला क्षणभर दिसतं. खाली वाचायचं काम माझं होतं." ती वेळ होती. फोनवर तर होतो, समोरही नव्हतो. मी म्हणालो, "जाऊ द्या ना दादा, होतं असं कधीकधी."

त्या वर्षी तुम्ही शिकारीचं लायसन्स काढलं नाहीत. सप्टेंबर उजाडला, ओकची फळं पडायला लागली, मी फोन करून विचारलं, या वर्षी कधी निघायचं? तुम्ही म्हणालात, "नवी जमीन आहे. नवी जमीन शिकायचं माझं वय नाही राहिलं." एक्कावन्न वर्षांचे होतात तुम्ही. ती जमीन तुमची शिकून झाली होती. तुम्ही शिकलात हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता आणि तो फोनवर "बरं, पुढच्या वर्षी बघू" म्हणाला. पुढचं वर्ष आलं ते असं आलं.

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या किचनमध्ये मी वहिनींना उरलेलं जेवण डब्यांत भरायला मदत करत होतो. माझ्या किश्श्यावरून त्यांना काहीतरी आठवलं. "तुला माहितेय? गेल्या हिवाळ्यात हे तीनदा डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणायचा, युअर आइज आर परफेक्ट. हे ऐकेचनात. म्हणे, काहीतरी बिघडलंय, त्याला सापडत नाहीये. तिसऱ्यांदा तर भांडून नंबर नसलेला चष्मा करून आणला. ऐटीत घालून टीव्ही बघत बसायचे." त्या हसत होत्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या.

मी डबा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. बाण, वास, खोड, पाचोळा, ऑफिस. वहिनींनी झाकण हातात धरून ऐकलं. मग म्हणाल्या, "अरे, एका हरणाचं काय घेऊन बसलास? त्यांनी तुला कधी बोल लावला का? जेवलास का तू नीट?" तुमची मुलगी बाजूलाच उभी होती. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "इट्स ओके, काका. डॅड लव्ह्ड यू." पाच मिनिटांत सगळ्यांनी मला माफ करून टाकलं आणि हातात दोन डबे दिले.

कोणी रागावलं नाही, दादा. रागवायचं कशासाठी हे कळणारे तुम्ही एकटे होतात. पोटात लागलेल्याच्या मागे अर्ध्या तासात जाणं म्हणजे काय, हे तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात. वर्षभर बोलला नसतात, कदाचित कायमचे बोलला नसतात. पण सप्टेंबरात लायसन्स काढून त्या टेकडीवर गेला असतात, आणि डॉक्टरशी भांडला नसतात. मी तुमचा राग चुकवला आणि तुमचा विश्वास गेला. माझ्यावरचा गेला असता तर चाललं असतं. तो शाबूत राहिला. तुमचा तुमच्यावरचा गेला.

डॉक्टर खरं सांगत होता, दादा. केस पोटाचेच होते. तुम्ही बरोबर वाचलं होतंत.